माऊचे दात : चार महिन्यांची वही

५ जानेवारी २०२५

आंघोळीनंतर आमची लेक माऊ गच्चीवर उन्हात माझ्या मांडीवर आडवी पडून हसत होती. तेव्हा वरचा ओठ सहज उचलून पाहिला. समोरच्या चारही दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. दात ओला असला की ती दिसत नाही. मलमलच्या फडक्याने टिपून घेतला की लगेच दिसते. खालचे दात मात्र स्वच्छ.

वय दोन वर्षं एक महिना, दात सोळा. आतापर्यंत आमच्याकडे दात घासणं म्हणजे सकाळी न्हाणीघरात तिच्या हातात ब्रश देणं. ती तो चावत बसते आणि आम्ही शाब्बास म्हणतो. रात्री काहीच नाही. उलट दहाच्या सुमारास माझी आई तिला साखर घातलेल्या दुधाची बाटली देते आणि ती तोंडात असतानाच माऊ झोपते. त्या बाटलीचा आणि या रेघेचा संबंध मी आज पहिल्यांदा जोडला.

ठरवलं ते असं: रोज रात्री, सगळे दात, मोठ्या माणसाच्या हाताने. आणि रोजचं या वहीत लिहायचं. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या एका गल्लीतच एवढ्या वयाची आणखी तीन मुलं आहेत आणि तिन्ही घरांत हीच झटापट चालते. आमच्या चुका त्यांना कळल्या तर त्यांचे तेवढे दिवस वाचतील.

६ जानेवारी

दुकानातून येताना राजवाड्याजवळ थांबून खरेदी केली. लहान मुलांचा मऊ ब्रश ६० रुपये, बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश ९०, स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट ११५, आणि गाणं वाजणारा बॅटरीचा ब्रश ६४९. एकूण ९१४.

बॅटरीच्या ब्रशचं गाणं तिला आवडलं. दाताला टेकवल्याबरोबर मात्र तो थरथरला, ती किंचाळली आणि आजीच्या पदरात शिरली. नंतर तो ब्रश दिवाणाखाली सापडला. सिलिकॉनचं टोपण बोटात घालून मी दाढेपर्यंत गेलो तर तिने कडकडून चावलं. एक-दोन दात आलेल्या बाळासाठी ते ठीक असेल, दाढा आलेल्या मुलीच्या तोंडात घालायची ती वस्तू नाही. पहिल्याच दिवशी ७३९ रुपये वाया. साधा साठ रुपयांचा ब्रश तेवढा कामाचा निघाला.

७ ते १० जानेवारी

हिने सुचवलं की मोबाइलवर कार्टून लावून बघू. पहिल्या रात्री चमत्कार वाटला, माऊ गप्प बसली. पण चित्रात जीव गुंतला की तिचा जबडा अर्धवट मिटतो आणि जीभ पुढे येते. ब्रश नुसता गालात फिरत राहतो. शिवाय घासून झाल्यावर मोबाइल काढून घेतला की रडणं. मी वेळ मोजली: घासणं दीड मिनिट, रडणं २५ मिनिटं. चौथ्या दिवशी तर कार्टून लावल्याशिवाय ती न्हाणीघराच्या दारातही येईना. मोबाइल बंद केला.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट कळली. स्ट्रॉबेरीच्या पेस्टच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली तर तिच्यात दातांना किडीपासून वाचवणारं फ्लोराइडच नव्हतं. मग आमचीच पुदिन्याची पेस्ट तिच्या ब्रशवर लावली, तीही आम्ही लावतो तेवढीच. "तिखट तिखट" म्हणून तिने जीभ फ्रॉकला पुसली. ती खरं सांगत होती. मी ते ऐकायला हवं होतं.

११ जानेवारी

आज जबरदस्ती केली. दिवसभराचा शीण होता, आणि रेघ डोळ्यांसमोर होती. हिने हात धरले, मी डोकं धरलं. दहा-बारा सेकंद ब्रश फिरला असेल. माऊने जेवलेला सगळा वरण-भात ओकून टाकला. नंतर बराच वेळ ती हुंदके देत होती, आणि मी जवळ घ्यायला गेलो तर तिने हाताने मला दूर लोटलं.

१२ ते १७ जानेवारी

सहा दिवस काहीच करता आलं नाही. ब्रश दिसला की ती दोन्ही हात तोंडावर ठेवते. न्हाणीघरात अंघोळीलाही यायला घाबरते, म्हणून आईने तिला मोरीवर अंघोळ घातली. एका रात्रीच्या जबरदस्तीची ही किंमत. हे वाचणाऱ्याने बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण ही पायरी गाळावी.

१९ जानेवारी

बोरन्हाण. सासूबाई उज्जैनहून आल्या होत्या. हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, बत्तासे, उसाचे करवे. माऊ खूप खूश होती, आणि आम्हीही तिला कशाला अडवलं नाही. रात्री उजेडात पाहिलं तर तिळगुळाचा चिकट थर दाढांच्या खाचांत बसलेला. ओल्या फडक्याने पुसून काढायचा प्रयत्न केला. वरचा निघाला, खाचेतला नाही. फडकं किंवा बोट खाचेत पोचत नाही, तिथे ब्रशचे केसच लागतात.

२० जानेवारी

नवी कल्पना. आमच्या गल्लीत रोज सकाळी पावणेआठच्या सुमारास नगर निगमची कचरा गाडी गाणं वाजवत येते. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, त्यामुळे गाडी हा इथल्या मुलांच्या रोजच्या खेळातला भाग झाला आहे. माऊ आजीचा हात धरून डबा घेऊन धावते. गीला कुठे, सूखा कुठे, तिला पाठ आहे. मी म्हटलं, ब्रश म्हणजे गाडी, दाढेत अडकलेली शेव म्हणजे कचरा.

ती हसली. तोंडसुद्धा उघडलं. ब्रश आत गेला आणि तीनच सेकंदांत तोंड मिटून मान वळवली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझ्या मनात आलं की खेळ फसला. तसं नव्हतं, पण ते कळायला आठवडा गेला.

२२ जानेवारी

दातांच्या एका दवाखान्यात दाखवलं, फी ३०० रुपये. खुर्चीत ती बसेना, म्हणून तोंड नीट पाहिलंच गेलं नाही. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, मोठी झाली की घासेल" असं सांगून परत पाठवलं. घरी येताना मला राग येत होता आणि थोडं हायसंही वाटत होतं. त्या हायसं वाटण्याचीच मला नंतर भीती वाटली. समोरचे दात सहा-सात वर्षांत पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. दोन वर्षांच्या मुलीने कीड लागलेल्या दाढा घेऊन आठ-दहा वर्षं जेवायचं का?

२५ जानेवारी

दुकानात मोटर दुरुस्तीला येते तेव्हा आमचा कारागीर आधी ती चालवून ऐकतो, मग उघडतो. मी तेच करायचं ठरवलं. मोबाइल खिडकीत ठेवला आणि मी घासताना चित्रीकरण केलं. माऊ झोपल्यावर आम्ही दोघांनी ते पाच-सहा वेळा पाहिलं.

ती तोंड उघडते. खालचे समोरचे दात घासू देते. ब्रश वरच्या समोरच्या दातांवर मधोमध आला की दचकते. दर वेळी त्याच जागी. नंतर खाली मागे डावीकडे गेलो की पुन्हा दचकते, तिथेही दर वेळी. हट्ट असा जागा बघून येत नाही. तिथे काहीतरी दुखत होतं.

२७ जानेवारी

लहान मुलांच्याच दातांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. फी ५०० रुपये. इथे जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, कारण यानंतर सगळं बदललं.

त्यांनी माऊला खुर्चीवर बसवलंच नाही. मला आणि स्वतःला दोन स्टुलांवर समोरासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. माऊ माझ्याकडे तोंड करून माझ्या मांडीवर, तिचे पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग तिला हळूच मागे निजवलं, डोकं बाईंच्या मांडीत. तिचे हात माझ्या हातात. तिला माझा चेहरा दिसत होता आणि बाईंना वरून अख्खं तोंड. थोडी रडली, पण रडताना तोंड उघडंच असतं, आणि ओकारीही आली नाही.

मग कारणं एकेक सापडली.

पहिलं: वरच्या ओठाच्या आत, मधोमध, हिरडीला जोडणारा एक पातळ पडदा असतो. आपल्यालाही असतो, आरशात ओठ उचलला की दिसतो. मी ब्रश आडवा जोरात फिरवत होतो आणि ब्रशचं प्लास्टिकचं डोकं दर वेळी त्या पडद्यावर आपटत होतं. तिथे लालसर ओरखडा होता. तो मी केलेला.

दुसरं: खाली डावीकडे सर्वांत मागची दाढ येऊ घातली होती. हिरडी सुजून टणक झालेली. बाईंनी बोट फिरवलं तेव्हा माऊ तशीच दचकली जशी चित्रीकरणात दचकत होती.

तिसरं: पुदिना. मोठ्यांच्या पेस्टचा झोंबरेपणा मुलांना सहन होत नाही. बाईंनी १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, झोंबणार नाही अशी पेस्ट लिहून दिली. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर मटारच्या दाण्याएवढी. दाण्याएवढी पेस्ट गिळली गेली तरी काळजी नाही, चूळ भरायला लावायची गरज नाही, जास्तीचं फडक्याने पुसून घ्यायचं. मी तर तिला थुंकायला शिकवण्यातच रोज पाच मिनिटं घालवत होतो.

पांढऱ्या रेघा म्हणजे किडीची पहिली पायरी, अजून खड्डा पडलेला नाही, अजून थांबवता येते. वरच्याच दातांवर का, तर बाटलीचं दूध झोपेत वरच्या दातांभोवती साचतं. खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळ फिरत राहते. झोपेत लाळही कमी सुटते. फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवर द्यायचा पातळ लेप, लावलं, दोन मिनिटांचं काम, ९०० रुपये. त्या रात्री ब्रश करायचा नाही म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा.

बाहेर आल्यावर मी माऊला सांगितलं की बाबाने ब्रश चुकून लावला, म्हणून दुखलं. तिला किती कळलं असेल ठाऊक नाही. मला सांगायचं होतं.

२८ जानेवारी ते १ फेब्रुवारी

नव्याने सुरुवात. जे ठरवलं ते:

वेळ बदलली. पूर्वी पावणेदहाला, ती पेंगायला लागल्यावर, घासत होतो. आता जेवण झाल्याबरोबर सव्वाआठला. त्यानंतर, आईची बाटली सोडली तर, फक्त पाणी.

जागा बदलली. न्हाणीघर नाही. मधल्या खोलीत पलंगावर ही आणि मी समोरासमोर, माऊचं डोकं माझ्या मांडीत. हात धरायचे नाहीत. हातात तिचा दुसरा ब्रश द्यायचा, तो तिने हवा तसा हलवावा.

माझा डावा हात: तर्जनीने वरचा ओठ उचलायचा आणि बोटाचं पेर त्या पडद्यावरच ठेवायचं. ब्रश चुकला तर माझ्या बोटावर आपटेल. एवढी एक गोष्ट कुणी उचलली तरी या वहीचं काम झालं.

उजवा हात: ब्रश पेनसारखा धरायचा, मुठीत नाही. मुठीत धरला की जोर जास्त लागतो. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे केस तिरपे टेकवून जागच्या जागी हलवायचे. पेस्ट बोटाने केसांत दाबून बसवायची, नाहीतर दाणा पहिल्याच दातावर गळून पडतो.

क्रम: ज्या बाजूला दुखत नाही तिथून, म्हणजे खाली उजवीकडून. वरचे समोरचे शेवटी.

मोजणी: मोठ्याने दहापर्यंत, प्रत्येक बाजूला एकदा. दहा झाले की ब्रश बाहेर, मग ती रडत असो वा नसो, घासणं अपुरं राहिलं असो वा नसो. हे पाळणं मला फार जड गेलं, कारण दहाला दोन दात राहिलेले दिसतात. पण तिसऱ्या दिवशी ती "नऊ"ला रडायची थांबली. दहा येणार हे तिला कळलं होतं.

हिरड्यांतून थोडं रक्त आलं. न घासल्यामुळे सुजल्या होत्या, घासत राहिल्याने थांबेल असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. पाचव्या दिवशी थांबलं.

२ फेब्रुवारी

बाटली. ही गोष्ट मी ढकलत होतो, कारण तिथे आईच्या मनाचा प्रश्न होता. नातीला दूध पाजून निजवणं हे तिचं दिवसातलं सर्वांत आवडतं काम. मी तिला माऊच्या दातावरची रेघ दाखवली, फडक्याने टिपून. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "अरे, मी तर माया म्हणून देत होते." मी म्हटलं, "आई, दूध तूच दे, फक्त साडेसातला आणि पेल्यातून. निजवायचंही तूच, फक्त गोष्ट सांगून."

साखर त्याच दिवशी बंद. बाटली एकदम बंद न करता पाणी वाढवत नेलं: पहिले तीन दिवस चौथा भाग पाणी, मग निम्मं, मग तीन भाग, मग नुसतं पाणी. एकूण १३ दिवस लागले. ५ तारखेच्या रात्री ती तीन वेळा उठून रडली, आईही रडली. १५ तारखेनंतर माऊने स्वतःच बाटली मागणं सोडलं.

६ फेब्रुवारी

आज सहज पुन्हा कचरा गाडीचा खेळ काढला. या वेळी चालला! दाढांना आम्ही इंदूरच्या भागांची नावं दिली: खाली उजवी म्हणजे अन्नपूर्णा, डावी म्हणजे खजराना, वर राजवाडा आणि पलासिया. "गाडी राजवाड्याला आली, गीला की सूखा?" ती तोंड उघडं ठेवूनच "ईया" म्हणते. घासून झाल्यावर ब्रशला लागलेला शेवेचा पिवळा कण तिला दाखवतो आणि ती तो स्वतः नळाखाली धुते.

तोच खेळ २० जानेवारीला तीन सेकंदांत मोडला होता. मधल्या काळात खेळ बदलला नाही, दुखणं गेलं.

शेवेबद्दल एक नोंद. इंदुरात पोह्यावर शेव, भातावर शेव, नुसतीही शेव. आम्ही गोडावर लक्ष ठेवून होतो, पण ब्रशवर रोज सापडते ती शेव. बेसन ओलं होऊन दाढेच्या खाचेत लिंपल्यासारखं बसतं आणि तासन्‌तास तिथेच राहतं. शेव बंद केली नाही, ते इथे शक्यही नाही. संध्याकाळच्या खाण्यातून काढून सकाळच्या पोह्यावर ठेवली, आणि नंतर पाणी प्यायला देतो.

१४ ते १९ फेब्रुवारी

सर्दी-ताप. नाक बंद असताना तोंडात ब्रश घातला की मुलाला श्वास घेता येत नाही, हे पहिल्या रात्री ती घाबरल्यावर लक्षात आलं. ब्रश थांबवला. ओल्या फडक्याने फक्त समोरचे दात पुसले. तापाचं आणि खोकल्याचं औषध दोन्ही गोड पाक. ते झोपताना दिलं जात होतं, दात पुसून झाल्यावर. तिसऱ्या रात्री हे हिच्या लक्षात आलं; मग औषध आधी, पुसणं नंतर.

२० फेब्रुवारीला पुन्हा सुरू केलं तेव्हा दोन दिवस मागे गेल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर.

२ मार्च

मी दोन दिवस भोपाळला होतो. ही एकटी. दोघांची बैठक एकटीला जमेना. तिने जमिनीवर सतरंजी घातली, पाय पसरून बसली, माऊला दोन मांड्यांमध्ये उताणं निजवलं, डोकं आपल्या पोटाकडे. माऊचे हात मांड्यांखाली हलके ठेवले, दाबून नाही. वरून सगळे दात दिसतात. ही बैठक तिला इतकी सोपी गेली की आता तीच आमची रोजची झाली.

८ मार्च

माऊ म्हणाली, "कचरा नाही. गाडी गेली." आणि तोंड बंद. सकाळी गाडी निघून गेली की परत येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येईना. मी घाईत "नाही, गाडी आहे" म्हटलं, ती रडली. चूक माझी, खेळात मी तिला खोटं पाडलं. दुसऱ्या दिवशी १६० रुपयांचा हातात धरायचा आरसा आणला आणि म्हटलं, "गाडी गेली तर आपण बघू, काही राहिलं का." तिने स्वतः बघितलं, मेथीचं पान दिसलं, मग तिनेच तोंड उघडलं. खेळ महिनाभर चालला. संपल्यावर दुसरा काढावा लागतो, पण बैठक, मोजणी आणि वेळ मात्र तीच ठेवायची.

१९ मार्च

रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याला गेलो, परतून रंग काढेपर्यंत संध्याकाळ, आणि माऊ जेवताजेवता झोपली. उठवून घासायचं का यावर आमचं दोघांचं बोलणं झालं. नाही उठवलं. सकाळी उठल्या उठल्या घासलं. जानेवारीतल्या सहा दिवसांची आठवण असल्यामुळे तो निर्णय सोपा गेला.

३० मार्च

पाडवा. श्रीखंड खाल्लं, रात्री घासलं, न रडता.

मार्चचा हिशेब वहीतून काढला. ३१ पैकी ३० रात्रींचं कळलं आहे: २८ रात्री घासलं, त्यातल्या १९ रात्री अजिबात न रडता, सहा रात्री थोडी कुरकुर, तीन रात्री पूर्ण रडणं. त्या तिन्ही रात्री जेवण साडेआठनंतर झालं होतं. एक रात्र रंगपंचमीची, एक लग्नाला गेलो होतो. सगळ्याला मिळून साडेतीन ते चार मिनिटं लागतात, त्यात प्रत्यक्ष घासणं पावणेदोन मिनिटं.

ब्रशचे केस पसरले होते. तीन महिन्यांचा ब्रश, त्यात ती तो चावते. नवा आणला, ६० रुपये. जुना तिच्या बाहुलीला दिला.

१२ एप्रिल

शेजारच्या घरातल्या आजी आणि त्यांचा नातू आले होते. तो पावणेदोन वर्षांचा, चार माणसं मिळून त्याला धरतात. मी आधी त्याचा ओठ उचलून दाखवायला सांगितलं. पडद्यावर तसाच लाल ओरखडा. त्या माउलीला काय वाटलं असेल ते मला चांगलं माहीत होतं. बैठक करून दाखवली, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. माऊने त्याला आपला आरसा दिला.

२८ एप्रिल

डॉक्टरबाईंकडे दुसरी खेप. माऊ खोलीत शिरली आणि स्वतःहून माझ्याकडे तोंड करून मांडीवर बसली, मग मागे पडली. बाई म्हणाल्या, तीन दातांवरची रेघ आता चकचकीत झाली आहे, म्हणजे तिथे कीड थांबली. पूर्वी ती खडूसारखी निस्तेज होती, फरक मलाही दिसला. चौथ्या, म्हणजे वर डावीकडच्या बाजूच्या दातावर अजून खडबडीत जागा आहे. खड्डा नाही, पण लक्ष ठेवायचं. वार्निश पुन्हा, ९०० रुपये, फी ५००. पुढची तारीख जुलैअखेर.

एकूण खर्च: सुरुवातीची खरेदी ९१४, पहिला दवाखाना ३००, दुसरीकडे दोन खेपा मिळून २८००, बरोबर पेस्ट १४०, दुसरा ब्रश ६०, आरसा १६०. बेरीज ४३७४ रुपये. यातले वाया गेले ते ११५४: बॅटरीचा ब्रश, सिलिकॉनचं टोपण, बिनफ्लोराइडची पेस्ट आणि पहिली फी. वेळ वाया गेला तो २३ दिवस, ५ ते २७ जानेवारी.

खाली डावीकडची मागची दाढ आता पूर्ण वर आली. उजवीकडची अजून अर्धी हिरडीत आहे. शेजारच्या दाढेपेक्षा ती बुटकी असल्याने सरळ ब्रश तिच्यावरून नुसता जातो, टेकतच नाही. बाईंनी गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून फक्त तिच्यावर केस टेकवायला शिकवलं. आज रात्री वार्निशमुळे ब्रश नाही. उद्या सव्वाआठला अन्नपूर्णेपासून नाही, राजवाड्यापासून सुरू करायचं, कारण खाली उजवीकडे आता हिरडी दुखत असणार.